पिशवी, माठ आणि केरसुणी
(आकाशवाणीवरील भाषण)



आज मला जो विषय देण्यांत आला आहे त्याचें नांव मोठें भारदस्त आहे : ‘पर्यावरणास अनुकूल अशा नित्योपयोगी वस्तु’. हें नांव ऐकून कोणी शास्त्रज्ञ बोलावयास बसला आहे अशी आपली समजूत होण्याचा संभव आहे. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, मी एक मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षें खडू झिजविलेला आणि आतां पेन्शनीवर असलेला मास्तर आहें. प्रयोगशाळा माझ्यापाशीं नाहीं. जें आहे तें एक लहानसें बिऱ्हाड, त्यांतलें स्वयंपाकघर आणि कोणत्याहि गोष्टीचा हिशेब मांडून पाहण्याची जुनी खोड. तेवढ्या भांडवलावर माझ्या आवडीच्या पांच-सहा वस्तूंविषयीं मी आज आपणांशीं बोलणार आहें.

हल्लीं बाजारांत ‘हिरव्या’ म्हणविणाऱ्या वस्तूंचें एक स्वतंत्र दालनच उघडलें आहे. बांबूच्या दांड्याचा दांत घांसण्याचा ब्रश, तागाची झोळी, कागदाची नळी, गवताचा पेला. आणि प्रत्येकीच्या अंगावर एका कोंवळ्या पानाचें चित्र. यांतील पुष्कळ वस्तु खरोखरच चांगल्या असतात. परंतु त्या घरीं येतात त्या एका खोक्यांत, खोक्याच्या आंत एका वेष्टणांत. आणि ज्या वस्तूंच्या जागीं त्या येतात त्या अद्याप धडधाकट असूनहि त्याच दिवशीं कचऱ्याच्या डब्यांत जातात. चांगला टिकाऊ प्लॅस्टिकचा डबा फेकून देऊन त्याच्या जागीं कांचेची बरणी आणली, तर पृथ्वीवरचा भार एका डब्यानें कमी झाला नाहीं, एका बरणीनें वाढला. हें साधें बेरजेचें उदाहरण आहे. पण उत्साहाच्या भरांत तें चुकतें.

म्हणून मुलांना उदाहरण सोडविण्याची रीत शिकवावी तशी एक रीत मीं स्वतःशीं ठरवून ठेविली आहे. कोणतीहि वस्तु हातीं आली कीं तिला तीन प्रश्न विचारावे. तूं आलीस कोठून? तूं राहणार किती दिवस? आणि शेवटीं तूं जाणार कोठें? वस्तूच्या वेष्टणावर पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें, तिसऱ्याचें बारीक अक्षरांत असतें, आणि दुसऱ्याचें मुळींच नसतें. कारण तें कारखानदाराच्या हातीं नसून आपल्या हातीं असतें. माझ्या आजच्या बोलण्याचें सार या दुसऱ्या प्रश्नांतच आहे.

पहिली वस्तु घेऊं या पिशवी. ज्या पातळ, मुठी असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर आज सगळें जग रागावलें आहे, तिचा जनक स्टेन गुस्ताफ थुलिन नांवाचा एक स्वीडिश गृहस्थ. १९६५ सालीं तिचें पेटंट निघालें. नवलाची आणि कांहींशी करुण गोष्ट अशी कीं, ही पिशवी एकदां वापरून फेकावी असें त्याच्या मनांत नव्हतें. कागदी पिशव्यांपायीं झाडें तोडलीं जातात, त्यावर तोड म्हणून पुन्हां पुन्हां वापरतां येईल अशी हलकी आणि बळकट पिशवी त्याला हवी होती; आणि तो स्वतः एक पिशवी घडी घालून खिशांत बाळगीत असे, असें त्याच्या मुलानें पुढें सांगितलें आहे. म्हणजे ही वस्तु दुष्ट बुद्धीनें जन्मास आली नाहीं. न कुजणें, न फाटणें हा तिचा गुण होता. आपण तिला दुकानापासून घरापर्यंतचें दहा मिनिटांचें आयुष्य दिलें, आणि तोच गुण दोष होऊन बसला.

त्या दोषाचें फळ आपण पाहिलें आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एवढा पाऊस कोणत्याहि शहराला सहज पेलला नसता. मिठी नदीचें पात्र आकसलेलें होतें, गटारें जुनीं होतीं. सगळा दोष पिशवीच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. परंतु पाण्याच्या वाटा बुजविण्यास तिनें हातभार लावला होता हें नाकारतां येत नाहीं. पुढें २००६ सालीं महाराष्ट्र सरकारनें ५० मायक्रॉनपेक्षां पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ रोजीं त्याहून व्यापक बंदीचा हुकूम काढला. आणि १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेकण्याच्या कांहीं ठराविक प्लॅस्टिक वस्तूंवर साऱ्या देशांत बंदी आली. इतकें होऊनहि भाजीवाल्याच्या हातगाडीखालीं त्या पिशव्यांची चळत कोठें कोठें दिसतेच. कायदा दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आपल्या हातांत पिशवी देणें हें त्याचें काम नव्हे.

मग उपाय सुती पिशवीचा. तो योग्यच आहे. पण येथें माझी हिशेबाची खोड आडवी येते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २०११ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. कापूस पिकविण्यास पाणी, खत आणि औषधें लागतात, सूत कातण्यास व कापड विणण्यास इंधन लागतें. तें सगळें धरून त्या अहवालानें असें दाखविलें कीं, पृथ्वीची उष्णता वाढविणाऱ्या वायूंच्या बाबतींत, एकदांच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीशीं बरोबरी करावयाची असेल तर नवी सुती पिशवी निदान १३१ वेळां वापरली गेली पाहिजे. आठवड्यांतून दोनदां मंडई केली तर हे १३१ वेळ भरण्यास सुमारें सव्वा वर्ष लागतें. एका पिशवीला एवढें आयुष्य सहज आहे. पण समारंभांतून, संमेलनांतून, दुकानांतून फुकट मिळालेल्या अशा सात पिशव्या खुंटीला लोंबत असतील तर? सात गुणिले १३१ म्हणजे ९१७. त्यांचें देणें फेडण्यास एका कुटुंबाला जवळजवळ नऊ वर्षें बाजार करावा लागेल. तेव्हां फुकट मिळाली म्हणून सुती पिशवी घेणें, हें फुकट मिळाली म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घेण्याहून फारसें निराळें नाहीं.

यावर आपल्या आजीबाईंचा तोडगा अहवालाहून सरस आहे. जुन्या पँटीच्या पायाची, विटलेल्या पडद्याची, उसवलेल्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवावी. तिच्यासाठीं नवा कापूस पिकवावा लागत नाहीं. ती पहिल्याच दिवशीं कर्जमुक्त असते. आणि तिची खरी जागा खुंटी नव्हे, खिसा आहे. घडी करून खिशांत किंवा पर्समध्यें राहील एवढीच ती असावी; कारण घरीं विसरलेली पिशवी आणि नसलेली पिशवी यांत बाजारांत कांहीं भेद राहत नाहीं.

दुसरी वस्तु माठ. उन्हाळ्याच्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यांत वाळूच्या ढिगावर माठ ठेवून मुलांना मीं जें पदार्थविज्ञान शिकविलें, तें पुस्तकांतून शिकवितां आलें नसतें. माठाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतें, वाऱ्यानें त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता आंतल्या पाण्यांतून ओढली जाते. एक ग्रॅम पाणी असें उडून जातांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेतें. आतां हिशेब पाहा. दहा लिटर पाणी दहा अंशांनीं गार करावयाचें म्हणजे एक लाख कॅलरी उष्णता बाहेर काढावयास हवी. एक लाखास ५८० नीं भागलें कीं सुमारें १७२ ग्रॅम उत्तर येतें. म्हणजे एक फुलपात्रभर पाणी हवेला दान केलें कीं घरच्या सर्वांना दिवसभर पुरेल इतकें पाणी गार होतें; बाहेरची उष्णता सारखी आंत शिरत असते ती जमेस धरली तर थोडें अधिक लागेल इतकेंच. या यंत्राला तार नाहीं, आवाज नाहीं, आणि महिनाअखेरीस त्याचें बिल येत नाहीं.

मात्र यंत्र म्हटलें कीं तें चालविण्याचे नियम आले. हवा कोरडी असेल तरच वाफ चांगली होते. म्हणून वैशाखांत नागपूरला किंवा सोलापूरला जसें पाणी गार होतें तसें मुंबईंत आणि कोंकणांत होत नाहीं. तो माठाचा दोष नव्हे, दमट हवेचा गुण आहे. माठ वारा लागेल अशा सावलीच्या जागीं ठेवावा. शोभेसाठीं त्याच्या अंगाला तैलरंग देऊं नये. छिद्रें बुजलीं कीं तो केवळ मातीचा हंडा उरतो. आंतून साबण लावूं नये. काथ्यानें घांसून स्वच्छ पाण्यानें धुवावा आणि अधूनमधून रिकामा करून उन्हांत सुकवावा. पाणी गाळून किंवा उकळून घ्यावयाचें असेल तर तें माठांत भरण्यापूर्वीं. माठ पाणी गार करतो, शुद्ध करीत नाहीं. कालांतरानें पाण्यांतले क्षार बसून छिद्रें भरतात आणि माठ थकतो. तेव्हां त्याला गच्चींत पक्ष्यांच्या पाण्यासाठीं नेमावा, आणि फुटलाच तर त्याच्या खापऱ्या कुंडीच्या तळाशीं घालाव्या. शीतकपाटाशीं माझें वैर नाहीं. दूध, औषधें, उरलेलें अन्न यांसाठीं तें हवेंच. परंतु केवळ पिण्याच्या पाण्यापायीं त्याचें दार दिवसांतून पन्नास वेळां उघडमीट करणें म्हणजे पत्र टाकण्यासाठीं मोटार काढण्यासारखें आहे.

तिसरी वस्तु केरसुणी. शिंदीच्या पानांची ही केरसुणी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून आपण लक्ष्मी म्हणून पुजतों. त्या पूजेंत मला गृहव्यवस्थेचें एक सूत्र दिसतें : जें घर स्वच्छ करतें तें क्षुद्र नव्हे. आतां या लक्ष्मीची जीवनयात्रा पाहा. नवी असतांना ती बैठकीच्या खोलींत असते. टोंकें झिजलीं कीं तिची बदली स्वयंपाकघरांत होते. तेथून मागच्या पडवींत, पडवींतून मोरींत, आणि बुडखा उरला कीं ती खतांत जाते. आम्हां मास्तरांच्या बदल्याहि इतक्या शिस्तीनें होत नसत! अंगणासाठीं नारळाच्या हिरांचा खराटा, आणि भांड्यांसाठीं नारळाची शेंडी, जिला कोंकणांत सोडण म्हणतात, हीं याच कुळांतलीं. याच्या उलट रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या झाडूचे दांते आणि भांडीं घांसण्याच्या हिरव्या चौकटीचे धागे झिजतात तेव्हां ते मातींत मिळत नाहींत. बारीक कण होऊन मोरीवाटे नदींत जातात. झिजणें दोघांच्याहि नशिबीं आहे. झिजून काय उरतें हा खरा प्रश्न आहे. घराभोवतीं चार हात जागा असेल तर घोसाळ्याचा एक वेल लावावा. चार फळें वेलावरच वाळूं द्यावीं. साल काढून, बिया झटकून आंतली जाळी घेतली कीं अंग घांसण्यास तिच्यासारखें मऊ आणि खरखरीत असें दुसरें कांहीं नाहीं.

चौथी वस्तु रिठा. याच्या झाडाच्या कुळाला वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ‘सॅपिंडस’ असें लॅटिन नांव दिलें आहे. त्याचा अर्थच मुळीं ‘हिंदुस्थानचा साबण’ असा होतो. फळाच्या सालींत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें, तें पाण्यांत फेंस आणतें. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून साली रात्रभर भिजत घालाव्या, सकाळीं थोड्या उकळून कुसकराव्या आणि पाणी गाळून घ्यावें. पैठणी, शाल, लोंकरी बनियन यांना हें पाणी अत्यंत मानवतें. सराफहि दागिने उजळण्यास रिठा वापरीत आले आहेत. पण मी रिठ्याचा भाट नाहीं. मळकट सुती कपड्यांवर त्याची मात्रा फारशी चालत नाहीं. तें पाणी दोन दिवसांत नासतें. डोळ्यांत गेलें तर आग होते. आणि एक महत्त्वाची गोष्ट : हें सॅपोनिन माशांना विषारी असतें. म्हणून रिठ्याचें पाणी ‘नैसर्गिकच आहे’ असें म्हणून ओढ्यांत, तळ्यांत ओतूं नये. झाडाच्या आळ्यांत किंवा मोरींत सोडावें. नैसर्गिक आणि निरुपद्रवी हे दोन शब्द समानार्थी नव्हेत, हें मीं मुलांना धोतऱ्याचें फळ दाखवून सांगत असें; मोठ्यांना रिठा दाखवून सांगतों.

पांचवी वस्तु पत्रावळ. पळसाचीं किंवा वडाचीं पानें बारीक काड्यांनीं टाचून केलेली पत्रावळ आणि सोबत द्रोण. अथवा सरळ केळीचें पान. जेवणें झालीं कीं केळीचें पान गाईपुढें जातें आणि पत्रावळ उकिरड्यांत. कांहीं आठवड्यांत तिची माती होते. मध्यंतरीं तिची जागा थर्मोकोलच्या ताटानें घेतली. पांढरें, हलकें, स्वस्त. पण मंगल कार्यालयाच्या मागें त्याचे ढीग ज्यांनीं पाहिले असतील त्यांना तें किती महाग पडतें हें सांगावयास नको. २०१८ च्या हुकुमानें महाराष्ट्रांत त्यावर बंदी आली आणि पत्रावळीला पुन्हां दिवस आले. मात्र घेतांना ती उलटसुलट करून पाहावी. पुष्कळदां पानाच्या किंवा कागदाच्या अंगावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा दाबून बसविलेला असतो. मग ती धड पत्रावळहि नव्हे आणि धड प्लॅस्टिकहि नव्हे. ना ती कुजते, ना भंगारवाला तिला घेतो. आणि घरांतल्या वीस माणसांच्या पंगतीसाठीं तर पत्रावळीचीहि गरज नाहीं. शेजारच्या चार घरांतून स्टीलचीं ताटें मागून आणावीं, धुवून परत करावीं. पूर्वीं आळींत तांब्या-पितळेचीं भांडीं अशींच एका घरांतून दुसऱ्या घरांत कार्याला जात. ओळखूं यावीं म्हणून त्यांवर नांवें कोरलेलीं असत. धुतल्या ताटासारखी हिरवी वस्तु अद्याप कोणी शोधून काढलेली नाहीं.

सहावी वस्तु एक नसून जोडी आहे : कल्हईचें भांडें आणि गोधडी. या दोघींना मीं एकत्र आणलें याचें कारण असें कीं, दोघीहि दुरुस्तीच्या विद्येवर जगतात. पितळेच्या पातेल्यांत ताक किंवा आमटी ठेवली कीं ती कळकते. म्हणून आंतून कथलाचा थर देतात. कल्हईवाला भाता फुंकून भांडें तापवितो, नवसागर टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, आणि कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्यानें भांड्याला आंतून चांदीसारखें करून टाकतो. कथील २३२ अंशांवर वितळतें, म्हणूनच हा सोहळा लहानशा भट्टीवर होऊं शकतो. कथील मात्र शुद्ध असावें. शिशाची भेसळ असेल तर तें अन्नांतून पोटांत जातें. खात्रीचा कल्हईवाला गांठून ठेवावा आणि त्याला वर्षांतून एकदां तरी काम द्यावें. कारण गिऱ्हाईक नाहीं म्हणून तो गेला कीं सुस्थितींतलीं भांडींहि मोडींत जातात. दुरुस्त करणारा माणूस नाहींसा झाला म्हणजे वस्तूचें आयुष्य आपोआप निम्म्यावर येतें, मग ती वस्तु कितीहि मजबूत असो.

गोधडीचें शास्त्र याहून सोपें. विरलेलीं लुगडीं, धोतरें, पातळें यांचे थर एकावर एक अंथरून धावदोरा घातला कीं थरांच्या मध्यें हवा कोंडली जाते आणि ऊब धरून राहते. महत्त्वाचें हें कीं, वस्त्र म्हणून संपलेली वस्तु अंथरूण म्हणून नव्यानें जन्म घेते. अंथरुणाचें पुढें पायपुसणें होतें, पायपुसण्याचें पोतेरें होतें. एका कापसाच्या बोंडाला एवढे जन्म देणारी गृहिणी ही माझ्या मतें कोणत्याहि अर्थशास्त्रज्ञाच्या पंक्तीला बसण्यास योग्य आहे.

आतां आपणांपैकीं कोणी म्हणतील, मास्तर जुन्या काळाचे भोक्ते दिसतात. तसें नाहीं. जुनें तें सगळें सोनें नसतें. चुलीच्या धुरानें आमच्या आयाबायांचे डोळे आणि छात्या खराब झाल्या. ती चूल कोणाच्या स्वयंपाकघरांत परत यावी असें मी म्हणणार नाहीं. तंबाखूची मिश्री घरगुती असली तरी तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते. खरखरीत राखुंडीनें दांतांवरचें कवच झिजतें. वस्तु जुनी आहे ही तिची शिफारस नव्हे, आणि नवी आहे हा तिचा अपराध नव्हे. विजेचा एल. ई. डी. दिवा नवा आहे, आणि तो जुन्या तारेच्या दिव्याहून किती तरी कमी विजेंत तेवढाच प्रकाश देतो. माझ्या खोलींत तोच आहे.

दुसरी एक शंका याहून गंभीर आहे, आणि ती भगिनीवर्गाकडून येते. पिशव्या शिवा, रिठे भिजवा, माठ घांसा, ताटें धुवा, ओला-सुका कचरा निवडा. हें सगळें करणार कोण? पुरुषांनीं भाषणें करावीं आणि स्त्रियांनीं मोरीपाशीं बसावें, असा जर या हिरव्या जीवनाचा अर्थ असेल, तर नोकरीवरून दमून आलेल्या गृहिणीनें तें झिडकारलें तर मी तिला दोष देणार नाहीं. फेकून देण्याच्या वस्तु घरांत आल्या त्या केवळ आळसानें आल्या नाहींत. त्या कोणाच्या तरी थकलेल्या हातांना विसांवा म्हणून आल्या. म्हणून मी पुरुष श्रोत्यांना स्पष्ट सांगतों : ज्या घरांत माठ भरण्याचें, पिशवी धुण्याचें आणि कचरा निवडण्याचें काम वांटून घेतलें जात नाहीं, त्या घरांत या वस्तु चार दिवस राहतील आणि पांचव्या दिवशीं माळ्यावर जातील. पर्यावरणाचा प्रश्न प्रथम घरांतल्या कामाच्या वांटणीचा प्रश्न आहे. आमच्या घरीं माठ आणि कचरा हीं दोन खातीं माझ्याकडे आहेत.

कचऱ्याचें नांव निघालें म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे, वस्तु शेवटीं जाते कोठें याकडे वळतों. २०१७ सालीं तिघा शास्त्रज्ञांनीं जगांतल्या सर्व प्लॅस्टिकचा जमाखर्च मांडून प्रसिद्ध केला. २०१५ अखेर माणसानें सुमारें ८३० कोटी टन प्लॅस्टिक निर्माण केलें. त्यांतील सुमारें ६३० कोटी टनांचा कचरा झाला. आणि त्या कचऱ्यापैकीं पुन्हां उपयोगांत आला तो शेंकडा ९. शेंकडा १२ जाळला गेला. बाकीचा शेंकडा ७९ कोठें तरी पडून आहे : खड्ड्यांत, शेतांत, नदींत, समुद्रांत. तेव्हां ‘भंगारवाल्याला दिलें कीं झालें’ या समाधानांत राहण्यासारखी स्थिति नाहीं. तथापि तें शेंकडा नऊसुद्धां आपोआप घडत नाहीं. त्यामागें हातानें कचरा निवडणारीं माणसें असतात, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ. पुण्यांत १९९३ सालीं या कष्टकऱ्यांनीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नांवाची आपली संघटना उभारली. आपण भाजीचा देंठ, कांचेचा तुकडा आणि औषधाची सुई एकाच पिशवींत बांधून देतों तेव्हां ती पिशवी उघडणारा एक हात असतो, एवढें ध्यानांत ठेविलें तरी पुरे. ओलें निराळें, सुकें निराळें, आणि टोंचणारें किंवा विषारी कागदांत गुंडाळून निराळें. यास पैसा लागत नाहीं. फक्त एक डबा अधिक लागतो, आणि तो घरांतला जुना प्लॅस्टिकचा चालतो.

हें शेवटचें वाक्य मीं मुद्दाम उच्चारलें. आज घरांत असलेलें प्लॅस्टिक उद्यां सकाळीं उचलून बाहेर टाकूं नका. त्या डब्याचें मोल आपण देऊन चुकलों आहों आणि पृथ्वीहि देऊन चुकली आहे. ऊन-ऊन अन्न त्यांत ठेवूं नये हें खरें. पण डाळी, बटणें, खिळे, सुतळी, बियाणें यांसाठीं तो आणखी वीस वर्षें चाकरी करील. पुढें तो फुटेल तेव्हां त्याच्या जागीं काय आणावयाचें याचा विचार करतांना आपले तीन प्रश्न आठवावे, इतकेंच माझें मागणें.

मास्तराच्या भाषणाच्या अखेरीस घरचा अभ्यास हा असायचाच. तो असा : येत्या महिन्यांत एकहि नवी ‘हिरवी’ वस्तु विकत आणूं नये. घरांत असलेल्या पिशव्यांपैकीं एक निवडावी, बाकीच्या गरजूंना वांटून टाकाव्या. दाराआड जी दिनदर्शिका टांगलेली असते तिच्या कोपऱ्यांत, ती पिशवी बाजारांत नेली कीं प्रत्येक वेळीं एक रेघ ओढावी. हें काम घरांतल्या लहानांत लहान मुलाकडे द्यावें. मुलें अशा हिशेबांत मोठ्यांना सूट देत नाहींत. चार उभ्या रेघांवर पांचवी आडवी, अशा सव्वीस जुड्या आणि वर एक रेघ झाली म्हणजे १३१ भरले. त्यानंतर पिशवीचे बंद तुटले तर नवे लावावे, आणि रेघा पुढें चालू ठेवाव्या.